खंडेनवमीचा सर्व्हर

"तुमचं पान उघडत नाहीये, मॅडम," टिपणीस साहेब फोनवर म्हणाले. "नोंदी उपलब्ध नाहीत, असं लिहून टाकतो मी."

पाव संपले, असं बेकरीवाल्याने सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. समोर अकरावीची मुलं टायट्रेशन करत होती आणि एकाचं द्रावण फिकट गुलाबीवर थांबायच्या ऐवजी पार लालभडक झालं होतं. मी त्याला ओरडले नाही. ओरडायला सुरुवात केली असती तर थांबता आलं नसतं.

"सर, काल संध्याकाळी मी स्वतः उघडलं होतं."

"असेल. आज उघडत नाही. आणि अहवाल आज जायचाय. उद्या दसरा, परवापासून मी रजेवर."

"मला थोडा वेळ द्या."

"पाच वाजेपर्यंत मी ऑफिसात आहे. पण तुमच्या वेबसाइटसाठी टाइप झालेला कागद अडवून ठेवणार नाही, हे आत्ताच सांगतो."

प्रश्न एका पाइपाचा होता. खाडीच्या वरच्या अंगाला एक रसायनांचा कारखाना आहे आणि त्याचा पाइप खारफुटीतून येऊन पाण्यात उतरतो. जुलैमध्ये कोळीवाड्यासमोर मेलेल्या बोय माशांचा असा थर साचला की होडीचं वल्हं टाकलं की ते माशांवरच पडायचं. कारखान्याचं म्हणणं, आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो, मासे पावसाळी गाळाने मेले. चौकशी सरकारी प्रदूषण खात्यातल्या टिपणीस साहेबांकडे आली. त्यांच्या अहवालात खाडीच्या पाण्याच्या नोंदी आल्या, तर पाइपाची झडती होणार होती. नाही आल्या तर 'नैसर्गिक कारण' असं लिहून फाइल बंद, आणि पाइप चालू.

त्या नोंदी आमच्याकडे होत्या. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि कॉलेजात कंत्राटावर शिकवते. विभागप्रमुखांच्या परवानगीने मी पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा मीटर कोळीवाड्यात नेला आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी देवजी कोळी यांना तो वापरायला शिकवला. दिवसातून दोनदा खाडीला सुकती लागते, म्हणजे पाणी उतरतं. दर सुकतीला देवजीकाका धक्क्यावर उभे राहून मीटर पाण्यात सोडायचे. एक लिटर पाण्यात दोन मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला, की मासा गुदमरतो. काटा किती वेळा त्याच्या खाली गेला, हे जगाला दिसावं म्हणून मी सुरुवातीला एका फुकटच्या ब्लॉगवर आकडे टाकत होते. ऑगस्टच्या शेवटी कारखान्याच्या वकिलाने त्या ब्लॉगवाल्या कंपनीला एक ईमेल लिहिला. एका दुपारीत सगळं पान गायब झालं. मला कोणी विचारलं नाही, आकडे खोटे आहेत का हे कोणी तपासलं नाही. 'आपल्या मजकुराबद्दल तक्रार आली आहे', एवढं एक वाक्य आलं. त्या वाक्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

म्हणून स्वतःचा सर्व्हर.

सोसायटीच्या ऑफिसात कुठल्यातरी योजनेतून आलेला एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर पत्रं टाइप व्हायची आणि पत्ते खेळले जायचे. मी तो पुसून त्यावर लिनक्स टाकलं, मग मागेल त्याला पान पाठवणारं अपाची, मग डेटाबेस, मग पीएचपी, आणि त्या सगळ्यावर नोंदी ठेवायचा एक मोफत प्रोग्राम. सांगायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी पान उघडलं ते कोरं पांढरं. इंटरनेटवरच्या एका फोरमवर विचारलं तर एका शहाण्याने उत्तर दिलं, सगळ्या फोल्डरना ७७७ परवानगी दे, म्हणजे कोणालाही काहीही करायची मुभा, चालेल. चालेल ना! घराचं दारच काढून टाकलं की किल्ली हरवायची भीती राहत नाही, तसलं ते चालणं. मी लॉग उघडून वाचला. प्रोग्रामला एका फोल्डरमध्ये लिहायचं होतं आणि ते फोल्डर माझ्या नावावर होतं, अपाचीच्या नाही. तेवढं एकच फोल्डर अपाचीच्या नावावर केलं आणि पान आलं. लिनक्सची मला हीच गोष्ट आवडते. बिघडलं की का बिघडलं ते लिहून ठेवतं. 'तक्रार आली आहे' असं म्हणून गप्प बसत नाही.

मग राउटरमधून बाहेरच्या जगाला वाट करून दिली, आणि सोसायटीच्या इंटरनेटचा पत्ता अधूनमधून बदलायचा म्हणून त्याला एक कायमचं नाव जोडलं. माझ्या मोबाइलवर पान उघडून देवजीकाकांना दाखवलं, तेव्हा ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"म्हंजे आता या डब्यातून सगल्या दुनियेला दिसतंय?"

"हो काका."

"आनि कोन काडू शकत नाय?"

"तुम्ही हा बंद करत नाही तोपर्यंत कोणी नाही."

त्या दिवसापासून ते एका बोटाने स्वतः आकडे भरायला लागले, आधीचे वहीतलेसुद्धा. डब्यावर धूळ बसू नये म्हणून घरून धुतलेला टॉवेल आणून घातला. मीच तो काढायला लावला, आत गरम होतं म्हणून.

आणि आता तो डबा उत्तर देत नव्हता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून पिंग केलं, काही नाही. देवजीकाकांना फोन केला, वाजून वाजून बंद झाला. मी सहकाऱ्याला वर्ग सांभाळायला सांगितला आणि रिक्षा पकडली. वाटेत शक्यता मोजत होते. भारनियमन असेल. राउटर अडकला असेल. हार्डडिस्क गेली असेल. कारखान्याच्या कोणीतरी घुसून सगळं पुसलं असेल. या शेवटच्या शक्यतेवर माझा इतका विश्वास बसला, की रिक्षा कोळीवाड्यात शिरेपर्यंत माझं त्या माणसाला दोन-तीनदा कोर्टात खेचूनही झालं होतं.

सोसायटीच्या ऑफिसाला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं. आत उदबत्तीचा धूर. भिंतीलगत पाटांवर ओळीने मांडलेलं: मासळी तोलायचा काटा, बर्फ फोडायचा टोचा, होडीचं इंजिन, जाळी विणायच्या सुया. आणि शेवटच्या पाटावर माझा सर्व्हर. पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, डोक्यावर झेंडूचा हार, वर अक्षता. त्याच्या सगळ्या वायरी काढून, नीट गुंडाळून, सुतळीने बांधून बाजूला ठेवल्या होत्या. शेजारी पेढा.

पाच ऑक्टोबर. खंडेनवमी. सकाळपासून कॉलेजात रांगोळ्या बघत होते आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"ये, बाय, ये," देवजीकाका हसत उठले. पांढरा कडक शर्ट घातला होता. "परसाद घे."

"काका, हा बंद कोणी केला?"

"मीच. आज हतियाराची पूजा. आज त्याला काम नाय लावाचं."

"हे हत्यार आहे?"

"मंग क हाय? तूच बोललीस ना, याच्यावरच आपली लडाई हाय?"

मी म्हटलं होतं. हे असं मला माझंच वाक्य परत मिळालं, तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडले. टिपणीस साहेब आजच पान बघणार होते, हे काकांना सांगितलं होतं. बुधवार, बुधवार असं दहादा सांगितलं होतं. कारखान्याच्या वकिलाला जे जमायला एक ईमेल लागला, ते तुम्ही पेढा ठेवून फुकटात करून दिलंत, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं, पण त्या क्षणी मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

देवजीकाकांचं हसू गेलं. "सायब बगनार ते सायबाच्या मशिनीवर. त्याचा आपल्या डब्याशी क समंद?"

म्हणजे इतके दिवस ते समजत होते, की आकडे इथून उडून साहेबांच्या मशीनमध्ये जाऊन बसतात. दुनियेला दिसतं म्हणजे दुनियेकडे पोचलं.

"तसं नसतं, काका! साहेबांनी पान उघडलं की ते इथे येऊन बघतात. इथे, या डब्यात. हा झोपला की सगळं झोपलं."

"मंग लाव चालू," मागून आवाज आला.

सोनाबाई, देवजीकाकांची मोठी भावजय. पनवेलच्या मासळीबाजारात बसते आणि सोसायटीत तिच्यापुढे कोणी आवाज चढवत नाही. ती नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी होती.

"आज नाय, वैनी," देवजीकाका म्हणाले. "उद्या दसऱ्याला उठवाचा. आज हात लावला तर अपशकुन."

"जुलैत बोये मेले तवा कोनी हात लावला होता?"

"त्याचं वेगलं."

"क वेगलं?" तिने ताट खाली ठेवलं, वाटीतल्या चिमूटभर अक्षता घेतल्या, सर्व्हरवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी त्याला पाटावर इंचभर सरकवलं. गणपती उठवताना मूर्ती हलवतात, तसं. "हलवला. झाली उत्तरपूजा."

"अगं, अर्द्या दिवसात?"

"गनपती दीड दिवसाचा चालतो ना? तुजा डबा अर्द्या दिवसाचा चालंल."

मी वायरी सोडायला लागले आणि तेव्हाच लक्षात आलं की ट्यूबलाइट बंद आहे. पंखाही. उदबत्तीच्या धुरात मला ते आधी कळलंच नव्हतं.

"लाइट कधी गेली?"

"मगाशीच. बुधवारी जाते ना. पाचाला येते."

मी हसले, पण ते हसणं नव्हतं. पाचाला लाइट येणार, पाचाला साहेब जाणार. मी पाटावर बसकण मारली आणि त्या कुंकू लावलेल्या डब्याकडे बघत राहिले. ब्लॉग कुठे होता, कुठल्या देशात, कुठल्या इमारतीत, मला ठाऊक नव्हतं. हा मात्र माझ्या गुडघ्याला टेकला होता.

"काका, टेम्पो कुठाय?"

मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांमध्ये आम्ही तो ठेवला. नवीन पनवेलमधल्या त्या ऑफिसच्या जिन्यावरून देवजीकाकांनी तो छातीशी धरून वर नेला. मागे मी वायरी घेऊन, आणि माझ्यामागे सोनाबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

टिपणीस साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. हार तसाच होता.

"हे काय आणलंत?"

"पान," मी म्हटलं. "तुमच्याकडे उघडत नव्हतं ना? म्हणून उचलून आणलं."

"मॅडम, मी लिंक मागितली होती. मशीन नाही."

"लिंक या मशीनकडेच येते, सर."

"ऑफिसात असं बाहेरचं काहीही जोडता येत नाही. नियम आहेत."

"कोणता नियम? दाखवा, मी वाचते."

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या क्लार्कबाई, त्यांना सगळे शकू मॅडम म्हणत होते, उठल्या आणि आपल्या मॉनिटरची वायर काढून माझ्या हातात दिली. "माझं काम झालंय, सर. माझा मॉनिटर घेऊ दे त्यांना."

मी बटण दाबलं. आतल्या पंख्यात अक्षता गेल्या होत्या. खडखड खडखड असा आवाज सुरू झाला, खुळखुळा वाजवल्यासारखा. कोणीतरी हसलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या. देवजीकाकांनी सकाळी वायर सरळ उपटली होती, त्यामुळे आधी डिस्कची तपासणी, मग डेटाबेस आपली मोडलेली टेबलं सांधत बसला. टिपणीस साहेब घड्याळाकडे बघत होते. देवजीकाका हात जोडल्यासारखे उभे होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ओके' आलं की माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. राग होताच.

पान उघडलं. बोयांचे फोटो, खाली आकडे, आलेख.

"ठीक आहे," टिपणीस साहेब म्हणाले. "पण आता हे इंटरनेटवर नाही. मग मी पाहिलं, असं कसं लिहू?"

"डोळ्यांनी पाहिलं, असं लिहा."

"चिडू नका. मी शांतपणे बोलतोय."

"मेलेले मासे तुमच्या दारात नाहीत, म्हणून शांतपणे बोलताय."

टिपणीस साहेब उठले. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, मला खोटं पाडायच्या तयारीने. बोट लावून आलेखातले खड्डे वाचायला लागले. "हे बघा. बहुतेक दिवस ऑक्सिजन ठीक आहे. कधीतरी एकदम घसरतो. पंधरा ऑगस्ट. एकोणीस. एकवीस. एकतीस. एक सप्टेंबर. याला काही ताळमेळ आहे का? तुमच्या माणसाला मीटर नीट धरता येत नसेल."

"मना?" देवजीकाका म्हणाले. "मना धरता नाय येत?"

"सर," शकू मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला सुट्टीच होती. एकोणीसला पारशी नववर्ष. एकवीस रविवार. एकतीसला ईद, एक सप्टेंबरला गणपती बसले."

टिपणीस साहेबांनी उठून कॅलेंडर स्वतः बघितलं.

मी वाकून बघितलं. सप्टेंबरचे रविवार, अनंत चतुर्दशी, दोन ऑक्टोबर. सगळे खड्डे लाल तारखांवर. आणि मला, आकड्यांवर जगणाऱ्या मला, हे दिसलं नव्हतं, कारण मी आलेख भरतीच्या वेळांशी, पावसाशी, तापमानाशी ताडून बघितला होता. सरकारी सुट्ट्यांशी पाण्याचं काय नातं?

"तुमचा माणूस पाइपाचं पाणी घ्यायला कधी जातो?" मी विचारलं.

"दर मंगळवारी," टिपणीस साहेब म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. "त्यांनाही माहीत आहे ते. म्हणजे मंगळवारी मला स्वच्छ पाणी दाखवतात, आणि आमच्या ऑफिसला कुलूप लागलं की... आम्हाला काय यडे समजतात काय हे लोक?"

आत्ता ते चिडले. माशांसाठी नाही, कोळीवाड्यासाठी नाही. स्वतःसाठी. जुलैपासून जो राग यायला हवा होता तो असा, या वाटेने आला. मला तो हवाही होता आणि त्याची किळसही येत होती.

"उद्या सुट्टी आहे," मी म्हटलं.

"उद्या दसरा आहे हो मॅडम! घरी पूजा असते. मुलाची नवी गाडी यायचीय."

"पूजा आमची पन होती, सायेब," सोनाबाई म्हणाली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. "उठवून आलो."

टिपणीस साहेबांनी सर्व्हरकडे बघितलं. हाराकडे, कुंकवाकडे. टाइप झालेला कागद ओढला, 'उपलब्ध नाहीत' यावर काट मारली, वर पेनाने 'समक्ष पाहिल्या' लिहिलं आणि सही केली. मग देवजीकाकांना विचारलं, "उद्या पाणी उतरायला कधी लागेल?"

"दशमीला भरती साडेसाताला. मंग सुकती."

"ते सुकतीबरोबरच सोडत असणार. वाहून जातं ना. मी आठला येतो." आणि मला, बोट रोखून, "हे त्या पानावर आत्ताच टाकायचं नाही हां."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले, दसऱ्याच्या नव्या कुर्त्यात, पायात मुलाचे गमबूट, हातात बर्फाचा डबा आणि सील करायच्या दोन बाटल्या. देवजीकाकांनी आम्हाला होडीतून खारफुटीच्या आत नेलं. पाइपाचं तोंड कोरडं होतं. पाणी हळूहळू मागे सरकायला लागलं, चिखल उघडा पडला, त्यावर निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. साडेआठ झाले. नऊ होत आले. पाइप कोरडाच.

आज नाही आलं तर? आज नेमके ते शहाणे झाले असतील तर? मी त्या काळ्या भोकाकडे बघत मनात म्हणत होते, सोड ना. सोड ना, मेल्या.

आधी पाइपातून घोगरा आवाज आला, मग ते आलं. तपकिरी, कोमट, वर फेस. डोळे चुरचुरले. टिपणीस साहेब नाकाला रुमाल लावून वाकले आणि बाटली भरली, मग दुसरी. देवजीकाकांनी मीटर सोडला आणि माझ्यापुढे धरला. काटा खाली, खाली जात होता, आणि मला आनंद झाला. खरोखर आनंद, परीक्षेत उत्तर जुळल्यासारखा. समोर खाडीत विष उतरत होतं आणि मला हसू येत होतं. ज्यांनी मला असल्या गोष्टीवर खूश व्हायची वेळ आणली, त्यांचा मला त्या सकाळी जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

"बंद असतो म्हणाले होते," टिपणीस साहेब पुटपुटत होते. "लेखी दिलंय मला. सुट्टीला प्लँट बंद असतो म्हणून लेखी दिलंय."

होडीच्या बाजूला एक बोय वर आला, तोंड उघडून हवा घेत. मग दुसरा. सोनाबाईने हात घालून पहिला उचलला. तो तिच्या हातात फडफडलाही नाही. तिने तो साहेबांच्या बर्फाच्या डब्यात, सील केलेल्या बाटल्यांच्या मधोमध ठेवला.

"याच्यावर पन सील लावा," ती म्हणाली.